लाटांच्या गणितातली सासूबाईंची अट

कचेरीत त्यांना सगळे लाटावाले म्हणत. समुद्राची लाट किनाऱ्याला येईपर्यंत किती उंच होईल, हे गणित मांडण्यात त्या माणसाचं उभं आयुष्य गेलं होतं. ती सगळी गणितं त्यांनी एका लायब्ररीत, म्हणजे संगणकाच्या तयार कोडच्या गाठोड्यात, बांधून ठेवली होती. ज्याला हवी त्याने फुकट उचलावी आणि आपल्या प्रोग्रामला जोडावी. आता निवृत्ती दाराशी आली होती आणि मनात एकच इच्छा उरली होती. वेधशाळा सगळ्या जगासाठी प्रोग्रामांचा नवा मोठा संच बांधत होती, त्यात आपली लायब्ररी जावी. मग आपण विंगेत गेलो तरी आपलं गणित रंगमंचावर राहील.

आडव्या आल्या चाळणीबाई. कुणाचा परवाना, म्हणजे प्रोग्राम वापरायच्या अटी, कुणाशी जुळतो हे तपासणं त्यांचं काम, आणि त्यांच्या हातून खडा सुटत नसे, म्हणून हे नाव. मोठ्या संचाचा परवाना साधा होता: मोकळं मिळालंय तसं मोकळंच पुढे द्या, वर आपली जादा अट लावू नका. बाईंनी लाटावाल्यांचा परवाना वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि जराही न हसता त्यांना बोलावून घेतलं. शेवटचं वाक्य होतं, ‘ही लायब्ररी वापरणाऱ्याने लेखकाच्या सासूबाईंविषयी वावगं बोलू नये.’

लाटावाल्यांचे कान लाल झाले. लग्न नवं होतं तेव्हाची ही गंमत. सासूबाई गणिताच्या शिक्षिका, त्यांची मर्जी मिळवायला जावयाने ते वाक्य ठोकून दिलं होतं. मर्जी अशी मिळाली, की सासूबाईंनी तो परवाना फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावला.

चाळणीबाई म्हणाल्या, गंमत असली तरी अट ती अट, हे दोन परवाने एका घरात नांदायचे नाहीत. अट काढा, नाहीतर लायब्ररी बाहेर. आणि काढायची तर ज्यांनी ज्यांनी ओळी लिहिल्यात त्या प्रत्येकाची संमती हवी. लाटावाल्यांचा जीव भांड्यात पडला, सगळं त्यांनीच तर लिहिलं होतं. बाईंनी संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं. उथळ पाण्याच्या हिशेबात एक भागाकार चुकला होता आणि तो भाग कुणीतरी नव्याने लिहून दिला होता. ते कुणीतरी म्हणजे सासूबाई. नाव लाटावाल्यांनीच कौतुकाने घातलं होतं.

घरी संमती मागायची रंगीत तालीम झाली. बायको भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, मी दारात उभी राहीन, पण मागून वाक्यं सांगणार नाही.

रविवारी दोघं सासूबाईंकडे गेली. बरोबर फ्रेमखालीच बसायची वेळ आली. लाटावाल्यांनी सगळं समजावून सांगितलं. ऐंशीकडे झुकलेल्या सासूबाईंनी ते पेपर तपासावा तसं ऐकून घेतलं.

“जावईबापू, ही अट तुम्हाला लागू होती का हो?”

प्रश्न कामातला निघाला म्हणून लाटावाले खुलले. अट वापरणाऱ्याला असते, आई. लिहिणारा आपल्या ओळींचा मालकच, त्याला कसली अट, असं त्यांनी हात पसरून सांगितलं.

“असं होय. मग तो भागाकार कुणाचा?”

“तुमचा.”

“त्या ओळींची मालकीण?”

“तुम्हीच.”

“आणि इतकी वर्षं त्या वापरतंय कोण?”

लाटावाले पसरलेले हात आवरायचं विसरले. दारात बायकोला खोकला आला. कचेरीतल्या चहाच्या सुट्ट्या त्यांच्या डोळ्यांपुढून सरकू लागल्या, आणि त्यांतली एकही अटीत बसत नव्हती.

“मोडलीत का अट?” सासूबाईंनी विचारलं.

एवढ्या वर्षांच्या शिक्षिकेपुढे खोटं बोलण्याइतका हा नट तयारीचा नव्हता. “मोडली,” ते म्हणाले. “गाडी मागे घेताना तुम्ही कुंड्या फोडता आणि वर दोष कुंडीला देता, असं सगळ्यांना सांगत असतो.”

“कुंडी वाटेतच असते,” सासूबाई म्हणाल्या. “लाटेचा अंदाज अडून राहावा इतकी काही माझी अब्रू नाजूक नाही. अट काढा. पण पहिल्या पानावर विनंती म्हणून लिहा. विनंतीने कुणाचं मोकळेपण जातं का?”

विनंती म्हणजे अट नव्हे, कितीही करा, हे लाटावाल्यांनी सांगितलं. सासूबाईंनी तिथल्या तिथे फोनवर संमती लिहिली, चष्मा लावून दोनदा तपासली आणि पाठवली. “जगाला नवा परवाना देऊन टाका,” त्या म्हणाल्या. “तुमच्यापुरता मात्र मी जुनाच चालू ठेवतेय.”

चाळणीबाईंनी लायब्ररी त्याच आठवड्यात संचात घेतली, विनंतीसकट. पण ते नंतरचं. त्या रविवारी, दोघांना स्टेशनवर सोडते म्हणून सासूबाईंनी गाडी बाहेर काढली. मागे काहीतरी खळ्ळकन फुटलं. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. लाटावाल्यांनी मान वळवून, काचेतून नीट निरखून पाहिलं.

“वाटेतच होती,” ते म्हणाले.