आवर्तन आणि आवतन

शिनोलीच्या हर्षालीला कुणी विचारलं, की बाई, तू घोडेगावात नेमकं काय करतेस, तर ती हसून सांगायची, "लोकांची बोलणी खाते." त्यात खोटं काही नव्हतं. चांगदेवभाऊंच्या इंटरनेटच्या ऑफिसात तक्रारींचा फोन तिच्याकडे होता. वायर उंदरानं कुरतडली तरी फोन हर्षालीला, आणि गिऱ्हाइकानं स्वतःच बटण बंद करून ठेवलं तरी फोन हर्षालीलाच. ती निमूट ऐकून घ्यायची, आणि फोन ठेवल्यावर मात्र त्या माणसाची अशी हुबेहूब नक्कल करायची, की हसण्यानं ऑफिसातल्या कपबशांतला चहा हिंदकळावा.

तिच्या मनातलं ठिकाण वेगळंच होतं. ऑफिसच्या मागच्या खोलीत मशिनं होती. कुठल्या शाळेला, कुठल्या पतसंस्थेला नेट कोणत्या वाटेनं जाईल, हे तिथे ठरायचं. ती खोली सांभाळणारा माणूस हिंजवडीला नोकरी लागली म्हणून निघून गेला आणि हर्षालीनं तोंड उघडलं.

"भाऊ, ती खोली मला द्या."

चांगदेवभाऊ माणूस भला, पण सावध. ते म्हणाले, "नेटवर्किंगची सर्टिफिकेटची परीक्षा पास हो. मग खोली तुझी. न्हाई झालीस तर मला पुण्याहून माणूस आणावा लागंल. आन् येकदा त्यो बसला, की त्याला काय उठवता यायचं न्हाई बग."

एवढं ऐकल्यावर हर्षाली गप्प बसणारी नव्हती. भाकरी थापताना मोबाइलवर व्हिडिओ, एसटीत कानात वायर, अंगणात मिरच्या निवडताना तोंडानं आकड्यांची घोकंपट्टी. नवरा सुदर्शन तिला सराव परीक्षेचे प्रश्न विचारायचा. त्याला इंग्रजी वाचता यायचं, कळायचं काहीच नाही, त्यामुळे मास्तर म्हणून तो फार प्रामाणिक होता. सासरे हौशीराम कौतुकानं बघायचे. सासू ठमाबाई कधीमधी विचारायची, "आलं का गं डोस्क्यात?"

सगळं येत होतं, फक्त एक प्रकरण तिला हटकून आडवं जायचं. मशिनाला नियमांची एक उतरंड लावून द्यायची असते: याला सोड, त्याला अडव. सराव परीक्षेत त्यावरचा प्रश्न आला, की हर्षालीचं उत्तर चुकलंच म्हणून समजा. नियम बरोबर लिहायची, पण क्रम उलटा लावायची. मशीन वरून वाचत येतं, आणि जो नियम पहिल्यांदा लागू पडेल तो पाळून मोकळं होतं. खालचे नियम बघतसुद्धा नाही, आणि जो कुठल्याच नियमात बसत नाही त्याला सरळ अडवतं. हर्षालीला मात्र वाटायचं, की खरा मान खालच्यालाच असणार.

यात दोष तिच्या माहेरचा होता. तिचं माहेर कालव्याच्या अगदी शेपटाला. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं, की पहिली पाळी टेलच्या शेतकऱ्यांची, मग वर सरकत सरकत शेवटी हेडवाल्यांची, असा दंडक. तो मोडला की तिचे वडील खांद्यावर टॉवेल टाकून भांडायला निघायचे. जो शेवटी उभा आहे त्याचं आधी बघायचं, हे तिच्या अंगात भाकरीबरोबरच भिनलं होतं. आणि लग्न होऊन आली ती नेमकी हेडच्या घरात! हौशीरामांचं शेत धरणाच्या उशाला, तेव्हा सासरा-सुनेची यावरून कायमची थट्टा.

"मशिन आपल्यासारकं हाय बग, हेडवालं," हौशीराम मिशीत हसून म्हणायचे. "वरच्याचं आधी ऐकतं."

"मग अन्यायी आहे ते मशीन, मामा," हर्षाली म्हणायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच चुकायची.

परीक्षा तोंडावर आली आणि घरात तिच्या पोराचं, स्वराजचं जावळ निघालं. बोकड ठरला, आचारी ठरला. आवतन द्यायचं काम सुदर्शनकडे आलं. आता भावकीतल्या सावळेरामशी ठमाबाईचं बांधावरून वाजलेलं. तिनं लेकाला बजावलं होतं, की वरच्या आळीला चुलबंद आवतन दे, म्हणजे त्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटायची नाही, सगळे आपल्याकडे. पण सावळेराम सोडून.

सुदर्शन गेला वरच्या आळीच्या पारावर आणि खड्या आवाजात म्हणाला, "समद्या आळीला चुलबंद आवतन हाय बरं का!" सावळेराम तिथेच तंबाखू मळत बसला होता. तो उठून गेल्यावर सुदर्शननं बाकीच्यांना हळूच सांगितलं, की सावळेरामतात्यांचं तेवढं धरू नका.

जावळाच्या दिवशी पहिल्या पंगतीत पहिलं पान सावळेरामचं. बायको, सुना, नातवंडं, झाडून सगळी!

ठमाबाईनं लेकाला चुलवणापाशी ओढलं. "आरं शाण्या, पैल्यांदा 'समदी या' म्हनल्यावर मागनं कितीबी 'सावळेराम सोडून' म्हन, काय उपेग? त्यो ताटावर बसला की! आदी सावळेरामाला वगळायचं, मग समद्यांना बोलवायचं. येवढं बी कळंना व्हय?"

रश्श्याचं पातेलं उचलायला आलेली हर्षाली जागच्या जागी थांबली.

"आत्या, परत म्हणा."

"काय परत म्हनू? रस्सा निवतोय."

"वगळायचा तो आधी, सगळे नंतर. आणि आत्या, ज्याचं नावच कुणी घेतलं नाही, त्याचं काय?"

"त्याला आवतनच न्हाई तर ताट कुटनं आलं? इषय संपला."

हर्षालीनं पातेलं खाली ठेवलं आणि भर गर्दीत सासूला मिठी मारली. आवर्तनानं घातलेला घोळ आवतनानं असा एका फटक्यात सोडवला होता. ठमाबाईला काही उमगलं नाही, पण त्या आनंदात तिनं सावळेरामला स्वतः दोनदा रस्सा वाढला. दारात आलेल्या माणसावर डूख धरणं तिच्या रक्तात नव्हतंच.

पुण्याच्या परीक्षा केंद्रात मोबाइल, घड्याळ, पर्स सगळं बाहेर ठेवायला लावलं. आत गारठा. पहिले काही प्रश्न तर तिला परक्या भाषेतले वाटले. मग हात बसला. अर्ध्यावर तो प्रश्न आलाच: सगळ्या विभागाला वाट द्या, फक्त एका कॉम्प्युटरला अडवा. सवयीनं तिचा हात अडवायचा नियम खाली टाकायला निघाला, आणि तिला रश्श्यात भाकरी कुस्करणारा सावळेराम दिसला. ती फसकन हसली. तिथल्या मॅडमनी डोळे वटारले. हर्षालीनं सावळेरामला वर उचलून ठेवलं, सगळ्या आळीला खाली आवतन दिलं आणि 'पुढे' दाबलं. या परीक्षेत मागे फिरायची सोय नसते, तिला फिरायचंही नव्हतं.

शेवटी पडद्यावर निकाल आला. तिनं तो वाचला, शेजारी उभ्या मॅडमना वाचायला लावला आणि मग बाहेर रस्त्यावर येऊन घरी फोन केला. फोन ठमाबाईनं उचलला.

"आत्या, पास झाले!"

पलीकडे काहीच आवाज नाही. हर्षालीला वाटलं, नेमकं आजच नेटवर्क गेलं.

"आत्या? ऐकू येतंय ना?"

"येतंय गं," ठमाबाईचा आवाज भरून आला होता. "मंजी आता पुन्याचा मानूस न्हाई यायचा?"

"न्हाई. खोली आपली झाली."

"बरं झालं बाई." मग कुणी ऐकू नये अशा हळू आवाजात तिनं विचारलं, "मी सांगितलं व्हतं त्ये आलं व्हतं का गं परीक्षेत?"

"आलं व्हतं, आत्या. तसंच लिव्हलं."

ठमाबाईला तिच्या बापानं शाळेचं तोंड दाखवलं नव्हतं. उभ्या जन्मात तिला कुणी एक प्रश्न घातला नव्हता की मार्क दिले नव्हते. तिनं नाक ओढलं, डोळे पुसले आणि अंगणात बसलेल्या हौशीरामांना ऐकू जाईल अशा ठणठणीत आवाजात म्हणाली, "आवं ऐकलं का? आमी दोगी पास झालो!"