गुडघ्याचे डॉक्टर

कुस्ती ऐन रंगात आली की आमचे डॉक्टर आखाड्याकडे पाठ करून बसायचे.

यात्रेतला कुस्त्यांचा हगामा. हलगी कडाडतेय, फेटे उडताहेत, सगळं गाव मातीकडे बघतंय, आणि हा काटकुळा माणूस गर्दीकडे तोंड करून बसलाय. कुणाचा बाप डोळे मिटून घेतो, कुणाचा वस्ताद दातओठ खातो, कुणाचा भाऊ उठून चालता होतो, ते बघत. "डॉक्टर, कुस्ती मागं आहे," मी म्हणायचो. "इथूनही दिसते हो," ते म्हणायचे. अशी विक्षिप्त माणसं तुम्हीही पाहिली असतील. फक्त तुमच्या विक्षिप्त माणसाकडे मनोविकाराची एमडी नसेल.

नारायणगावच्या पेठेत माझं औषधांचं दुकान. वर दोन दवाखाने. जिना चढलं की डावीकडे हाडांचे डॉक्टर, उजवीकडे हे. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत. नव्वदचं दशक होतं. मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, एवढंच लोकांना ठाऊक. त्यांच्याकडे जाताना कुणी पाहिलं तर ठरलेली सोयरीक मोडायची. म्हणून आपोआप एक रीत पडली. पैलवान असो की कबड्डीपटू, पेठेत आला की लंगडायला लागायचा. लंगडतच जिना चढायचा, हाडांच्या डॉक्टरांच्या दाराशी जरा घुटमळायचा आणि पटकन उजवीकडे वळायचा. मग खाली येऊन, गुडघा धरून, माझ्याकडे झोपेच्या गोळ्या मागायचा. मीही तोंड गंभीर ठेवून द्यायचो. काही बहाद्दर जाताना दुसराच पाय धरायचे.

"माझ्या दारावरून इतके लंगडे जातात," हाडांचे डॉक्टर कुरकुरायचे, "आत एक येईल तर शपथ!"

आमच्या डॉक्टरांचा प्रत्येक खेळाडूला पहिला प्रश्न ठरलेला. "हरल्यावर पहिलं कुणाकडं बघतोस?" जिंकल्यावर कुणाकडे बघतोस, असं त्यांनी कधी विचारलं नाही. या प्रश्नावर भलेभले गडी खाली मान घालायचे.

एकदा चहा पिता पिता मी विचारलं, "खेळाडूंच्या मनाची ही डॉक्टरकी शिकवतात तरी कुठं?"

"एमबीबीएस, मग मनोविकाराची एमडी. इथवर डांबरी रस्ता आहे," ते म्हणाले. "पुढं आपल्या देशात पायवाटसुद्धा नाही."

परदेशात मात्र असं काम करणाऱ्या डॉक्टरांनी एक संस्था काढली होती. आधी पुरता मनोविकारतज्ज्ञ व्हायचं, मग एखाद्या जाणत्या डॉक्टरच्या नजरेखाली खेळाडूंवर उपचार करायचे, वेगळा अभ्यास करायचा, आणि शेवटी बरा केलेला एक खेळाडू परीक्षकांसमोर बसवायचा. मगच त्यांचं प्रमाणपत्र. परदेशात हे काम करून आलेले मुंबईतले एक ज्येष्ठ डॉक्टर नजर ठेवायला तयार झाले. दर रविवारी आमचे डॉक्टर एसटीडी बूथमध्ये घामाघूम होऊन, कुणाचंही नाव न घेता, त्यांना आपल्या लंगड्यांच्या हकिगती सांगायचे. अशी वर्षंच्या वर्षं गेली.

"आता या वयात कशाला हवा तो कागद?" मी वैतागून विचारायचो. मला खरंच राग यायचा.

"निवडीच्या शिबिरात मला दारावरच अडवतात. म्हणतात, तुमचं इथं काय काम? अहो, पोरगा हरतो तेव्हा मी तिथं असायला हवा. दवाखान्यात येईपर्यंत त्यानं सगळं गिळून टाकलेलं असतं."

आणि मग तो पैलवान आला. निमगाव साव्याकडचा, दारातून तिरका होऊन आत यावं लागेल असा गडी. एका मोठ्या यात्रेत इनामाच्या कुस्तीला त्याचं नाव पुकारलं. तो मातीत उतरला, पण हलगी वाजायला लागली तसे हात गार पडले, कानात दडे बसले, आणि समोरच्या गड्याचा हात हातात न घेताच तो आखाड्याबाहेर निघून गेला. लोक म्हणाले, पैसे खाल्ले, कुस्ती विकली. बापानं बोलणं टाकलं. बाप स्वतः एकेकाळचा नावाजलेला पैलवान.

"अरे, मग सांग ना लोकांना की आजार आहे," मी माझ्या गल्ल्यावरून त्याला म्हटलं.

तो माझ्यावर डाफरला. "इकली म्हनू द्या भाऊ, सोसंल. पन येडा म्हनलेलं न्हाई सोसायचं."

डॉक्टरांनी त्यालाही तोच प्रश्न विचारला. त्यानं सांगितलं, "बापाकडं." त्या हगाम्यात ते नेहमीसारखे पाठ करूनच बसले होते. त्याचा बाप काय करत होता, ते त्यांनी पाहिलं होतं. पोराचं नाव पुकारलं तसा तो खाली मातीच बघत राहिला होता, पोराकडे एकदाही नाही.

पुढे जे झालं त्यानं पेठ हैराण झाली. डॉक्टरांनी एक हलगीवाला ठरवला. आधी तो पार ओढ्यापलीकडे वाजवायचा आणि पैलवान दवाखान्यात बसून श्वास सांभाळायचा. मग हलगी ओढ्याअलीकडे आली, मग मागच्या बोळात, शेवटी थेट जिन्यात. हाडांच्या डॉक्टरांकडचे प्लास्टरवाले दचकून उठायचे. "येड्यांना बरं करता करता डाक्टरच गेलं राव," लोक मला सांगायला यायचे. मी खांदे उडवायचो. बापालाही डॉक्टर गुपचूप घरी जाऊन भेटत होते. काय बोलले, ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही.

पुढच्या यात्रेत पैलवान पुन्हा उतरला. सलामी झाली, हात मिळाले, कुस्ती लांबली, आणि तो हरला. चितपट. पण अंग झटकून तो मातीतच उभा राहिला आणि त्यानं बापाकडे पाहिलं. बाप त्याच्याकडेच बघत होता. तेवढी एक कुस्ती डॉक्टरांनी वळून पाहिली.

संस्थेचे परीक्षक त्या वर्षी पुण्यात येणार होते. त्यांच्यासमोर न्यायचा खेळाडू कोण, हे आता सांगायला नको. पैलवान लगेच तयार झाला. "तुमच्यासाठी कुठंबी येतो," म्हणाला. नुकतीच त्याची सुपारी फुटली होती, वैशाखात लग्न. परीक्षेच्या सकाळी तो पांढरेशुभ्र कपडे घालून एसटी स्टँडवर आला, सवयीनं लंगडतच. मी डॉक्टरांना पोचवायला गेलो होतो.

"तिथं लई लोक आसतील का?" त्यानं विचारलं.

"असतील. कुस्तीच्या संघटनेचे लोकही बोलावलेत, असं काल कळलं."

"आसूंद्या. म्या बोलतो," पैलवान म्हणाला आणि हात एकमेकांवर चोळायला लागला.

डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मला कळलं, तो गार असणार.

"पाय फार दुखतोय तुझा आज," ते म्हणाले. "घरी जा."

"न्हाई दुखत, डाक्टर."

"दुखतोय. मी डॉक्टर आहे ना? जा."

एसटी आली. ते एकटेच चढले. संध्याकाळी परतले तेव्हा मी दुकानाबाहेरच उभा होतो. पेशंटशिवाय परीक्षकांनी त्यांना बसूच दिलं नव्हतं. मी ताडताड बोललो. एवढ्या वर्षांची मेहनत मातीत घातली म्हणालो. "त्याचं लग्न होऊ द्या," एवढंच ते म्हणाले आणि जिना चढून वर गेले. दुसऱ्या कुणालाही त्यांनी परीक्षकांसमोर नेलं नाही. पण शिबिराच्या दारातून आत जायचं राहून गेलं, ही टोचणी त्यांना शेवटपर्यंत होती. निवडीची शिबिरं सुरू झाली की ते माझ्याशी धड बोलत नसत.

दोन हजारच्या दशकाच्या अखेरीस एका बाजाराच्या दिवशी, दवाखान्यात खुर्चीवर बसल्या जागी ते गेले. बातमी पसरली तशी माणसं यायला लागली. आणि तुम्हाला खरं सांगतो, अंत्यदर्शनालाही ती लंगडतच आली. जिन्याखाली ओळीनं धट्टेकट्टे गडी उभे, प्रत्येकाचा एक पाय आखडलेला. हसावं की रडावं, मला कळेना.

पैलवान उशिरा आला. आता पोराबाळांचा, स्वतःची तालीम चालवणारा वस्ताद. भर पेठेत कुणीतरी विचारलं, "वस्ताद, तुमी कुठं इकडं?"

"गुडघ्याचं डाक्टर गेलं आमचं," तो म्हणाला आणि कठडा धरून, एक पाय ओढत वर गेला.

बराच वेळ तो वर होता. उतरला तेव्हा चेहरा भिजून चिंब झाला होता. दोन्ही पाय सरळ टाकत, ताठ, तो जिना उतरला आणि भरल्या बाजारातून तसाच चालायला लागला. लोक वळून बघत होते. "पैलवान, पाय!" अशी हाक माझ्या अगदी ओठांवर आली होती.

मी मारली नाही.