काउंटरवर ठेवणीतल्या साड्या

वक्तृत्व स्पर्धेसाठी मी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा हक्कांचा लढा हा विषय घेतला, तो निव्वळ परीक्षकांवर छाप पडावी म्हणून. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. सराव मात्र निपाणीत आत्तीच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, घराच्या पुढच्या सोप्यात करायचे. आत्ती आणि तिच्या तीन मैत्रिणी मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसायच्या. हात गुंतलेले, त्यामुळं भाषण सोडून पळायची सोय नव्हती.

हॉटेलच्या काउंटरवर काळ्या माणसाला वाढत नसत, हे ऐकून आत्तीचा हात थांबला.

“मग गं?”

“मग कॉलेजची पोरं काउंटरवर जाऊन बसली. वाढलं नाही तरी उठली नाहीत. वह्या-पुस्तकं काढून अभ्यास करत बसली. दुसऱ्या दिवशी आणखी पोरं घेऊन आली.”

“भांडली न्हाईत?”

“अजिबात नाही. उलट चांगले कपडे घालून गेलेली.”

“व्हय?” म्हणून आत्ती गप्प झाली. ती गप्प झाली की काहीतरी शिजत असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिची अडचण अशी होती. नवरा गेल्यावर राहत्या घराच्या वारसाचा कागद नगरपालिकेच्या ऑफिसातून आला, तो कन्नडमध्ये; निपाणी पडली कर्नाटकात. धाकटा दीर रोज म्हणायचा, “वैनी, सही करा की, नुस्ती फॉर्मालिटी हाय.” पण आत्ती पन्नाशीत मराठी लिहायला-वाचायला शिकली होती, आणि न वाचता सही करायची नाही यावर अडून बसली होती. माझं कन्नड बाजारापुरतं. त्या सरकारी कन्नडच्या दुसऱ्याच ओळीला मी गार पडले. मराठीत कागद मागितला की काउंटरवरचा क्लार्क म्हणायचा, “नाळे बर्री.” म्हणजे उद्या या. असे कितीतरी उद्या होऊन गेले होते.

सोमवारी सकाळी चौघी सोप्यातून बाहेर पडल्या त्या ठेवणीतल्या शहापुरी साड्या नेसून, गजरे माळून. आणि प्रत्येकीच्या हातात अंकलिपी!

“हे कशाला?”

“तूच म्हणालीस न्हवं, अभ्यास कराय लागतोय म्हणून?”

मी हसून हसून उंबऱ्यातच बसले. मग चप्पल अडकवून मागं धावले.

क्लार्कनं त्यांना पाहिलं आणि पत्रिकेसाठी हात पुढं केला. “लगीन कुणाचं, आक्का?”

“कुणाचं न्हाय. मराठीत कागद मिळंपत्तुर आमी हितं अभ्यास करनार.”

चौघी काउंटरसमोरच्या बाकड्यावर बसल्या आणि खणखणीत आवाजात बाराखडी सुरू झाली. क्लार्क म्हणाला, “नाळे बर्री.” आत्ती म्हणाली, “नाळे बी येतो की! पर आज बी बसतो.” दुसऱ्या दिवशी नऊजणी आल्या. मला हसू काही आवरत नव्हतं. खरं सांगते, इतकी मजा मला आयुष्यात कधी आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी क्लार्कनं मराठीत केलेला कागद आणून ठेवला. वर चहाही सांगितला. दीरही आला होता. आत्ती अक्षराखाली बोट धरून मोठ्यानं वाचू लागली.

“सदर घर... माझे दीर यांचे एकट्याचे नावे... करणेस... माझी काही एक... हरकत... नाही.”

बोट थांबलं. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. दीर खिडकीबाहेर बघायला लागला.

“हरकत न्हाय? कुणाची? माझी?” आणि मग सगळं ऑफिस दणाणलं. “हाय की! लई हाय!”

तिनं क्लार्कच्या हातातलं पेन घेतलं, ‘नाही’वर आडवी रेघ ओढली आणि वर अंकलिपीतल्यासारख्या मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘हाय’. खाली सही केली.

तिथं ‘आहे’ असं लिहितात, हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.