आरशांची चौकट

आईच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला काही दिवस पालथंच झोपायला सांगितलं. मान वर केली तर दृष्टी जाण्याची भीती होती. पण कुणी बोललं की आई हटकून मान उचलायची. मी रागवायचे, ती रडायची.

सुकापूरच्या एका गृहस्थांनी अशा रुग्णांना पालथं झोपूनच समोरचं दिसावं म्हणून केलेल्या आरशांच्या चौकटीचं पेटंट घेतलंय, असं शेजाऱ्यांकडून कळलं. मी फोन केला, तर संध्याकाळी ते स्वतःच स्कूटरवरून आले. टॉवेलात गुंडाळलेली चौकट त्यांनी सोडवली, इस्त्रीच्या शर्टानिशी फरशीवर पालथे झोपले आणि खालच्या आरशात बघत स्क्रू पिळत राहिले. मग चौकट आईच्या चेहऱ्याखाली सरकवली.

"टीव्ही दिसतोय का, आई?" मी विचारलं.

"तू दिसतेयस. किती वाळलीस गं."

ते हसले. "पेटंटच्या अर्जात मी टीव्हीच लिहिलाय. पण सगळे आधी घरातली माणसंच बघतात."

त्यानंतर आईने मान उचलली नाही. पडदा नीट बसला, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवरूनच मी चौकटवाल्या गृहस्थांना फोन लावला.

"चौकट न्यायला मीच येतो," ते म्हणाले. "आईंना समोरासमोर भेटायचं राहिलंय."