हिराताईंची आभार फेरी

निवडणूक जिंकणाऱ्यांकडे फोटो जमतात आणि आमच्यासारख्यांकडे किस्से. आम्हाला हरून पंधरवडा झाला, तरी दोघं भेटलो की एक नवा निघतोच. लिहून काढले नाहीत तर मला झोप लागणार नाही. तशी ती निवडणुकीआधीही लागत नव्हती म्हणा!

आम्ही म्हणजे तिघं. शिरवण्याच्या हिराताई, नेरूळला आमच्या सेक्टरबाहेर फुटपाथवर मासळी विकतात. उठवायला पालिकेची गाडी आली की सगळ्या जणी पाट्या उचलून पळतात. त्याला कंटाळून ताई पालिकेला अपक्ष उभ्या राहिल्या. मागणी एकच, डोक्यावर शेड आणि एक नळ. दुसरा त्यांचा दीर शरददादा, रिक्षा चालवतो. तिसरी मी. ऑनलाइन फॉर्म भरायला कोणीतरी लागतं म्हणून मला घेतलं, आणि मग सोडलंच नाही.

*

मतमोजणीला ताईंची प्रतिनिधी म्हणून मला बसवलं. मला! दाराची बेल वाजली तरी माझ्या हातातला चहा सांडतो.

आत माइक अचानक खरखरला, "प्रतिनिधींनी सह्या कराव्यात." मी दचकून उठले आणि दिसेल त्या रकान्यात सही ठोकली. तो रकाना समोरच्या पार्टीचा होता.

टेबलावरच्या साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, निकाल तरी लागू द्या. एवढ्या लवकर पक्ष बदलतात का?"

सगळं टेबल हसलं. मीही हसले. तासाभराने निकाल लागला, आम्ही तिसरे. या वेळी सही घेताना त्या साहेबांनी आमच्या रकान्यावर स्वतः बोट ठेवलं.

*

संध्याकाळी जिंकलेल्यांची मिरवणूक शिरवण्याच्या गल्लीतून निघाली. मी ताईंच्या ओटीवर बसून प्रत्येक फटाक्याला वीतभर उडत होते. ताई आत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

तेवढ्यात शरददादा आला. नखशिखांत गुलाल. केस गुलाबी, कान गुलाबी.

मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, रिक्षा गर्दीत अडकली, काय करणार. ठीक आहे. पण शर्ट घामाने भिजलाय तो कशाने?

त्याने कानातला गुलाल झटकला. "बँड आपल्या ओळखीचा हाय गं," म्हणाला.

*

त्यानंतर ताई घराबाहेर पडेनात. बाजारातली त्यांची जागा शेजारणींनी पालथी पाटी ठेवून राखली होती. मी दिवसातून तीनदा तिकडून जायचे. पाटी पालथी ती पालथीच. काही विकत घ्यायचं नसताना मासळीबाजारात घुटमळणारी मुलगी म्हणून लोक माझ्याकडे बघायला लागले.

चौथ्या दिवशी शरददादा पॅसेंजर घेऊन ताईंच्या दारावरून चालला होता. प्रचाराचा भोंगा रिक्षावर तसाच होता. हॉर्नच्या जागी चुकून त्याचं बटण दाबलं गेलं आणि भर दुपारी गल्लीत माझाच रेकॉर्ड केलेला आवाज घुमला, "तुमची हक्काची, तुमच्या घरातली, हिराताई!" ओटीवर बसलेली मी स्वतःच्याच आवाजाला घाबरले.

पॅसेंजर काकांनी मान बाहेर काढून विचारलं, "अजून मतदान बाकी आहे का हो?"

आतून ताईंचा आवाज आला. चार दिवसांत पहिल्यांदा. "शरद, बंद कर ते. आनि दोघं आत या."

*

आत गेल्यावर मी धीर करून म्हटलं, ताई, जिंकलेले आभाराचे बॅनर लावतात. आपण घरोघर जाऊन आभार मानू. हरलेल्यांनी मानू नयेत असा काही नियम आहे का?

ताई बराच वेळ पदराचं टोक पिळत बसल्या. "ज्यांनी दिलं त्यांची तोंडं बघून येऊ," त्या म्हणाल्या. "पन बाजारात बसनार नाय पोरी. कंच्या तोंडानं बसू? टोपलीतली मासळी बघायच्या आधी लोक मना बघनार."

शेडसाठी उभं करून आम्ही ताईंचा फुटपाथही घालवला होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सेक्टरमधल्या एका सोसायटीत शिरलो. मतमोजणीच्या दिवशी मी बूथवार आकडे उतरवून घेतले होते. त्या सोसायटीच्या बूथवर ताईंना तेवीस मतं होती.

पहिलं दार उघडलं. "ताई, आमची पाचही मतं तुम्हालाच!" समोरचं दार, चार. वरचं, सहा. एका काकूंनी तर गावाला गेलेल्या सुनेचंही मत ताईंच्या पदरात घातलं. कोणी पाणी दिलं, कोणी लाडू. एका आजोबांनी तुम्ही उभं राहायला नको होतं असं सांगून वर मीही तुम्हालाच दिलं म्हणून सांगितलं.

दुसरा मजला संपेपर्यंत माझी बोटं संपली. ताईंनी जिन्यात विचारलं, किती झाली?

"एकतीस," मी म्हटलं. "मशीनमध्ये तेवीस."

शरददादाने लाडू गिळला. "वहिनी, अजून दोन मजले हायत. वर जाऊन जिंकूनच येऊ."

ताई हसल्या नाहीत. कठड्याला धरून म्हणाल्या, घरी जाऊ या. एवढं गोड बोलतात ना, ते दया येते तेव्हाच. मी म्हटलं, फक्त एकच दार. का म्हटलं, मला माहीत नाही. घरी गेलो तर त्या परत आत जाऊन पडतील याचीच भीती होती.

*

तिसऱ्या मजल्यावर नसीमाआपा राहतात. मूळच्या उरणकडच्या, ताईंचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. ताईंनी दारातच हात जोडले. आपांनी ते जोडलेले हात धरून खाली केले.

"आभार नको मानूस, हिरा. मी तुला मत नाही दिलं."

मी इतकी दचकले की हातातली मतदारयादीची गुंडाळी पायऱ्यांवरून घरंगळत गेली. ती उचलायच्या निमित्ताने शरददादा अख्खा मजला खाली उतरला.

ताईंचा चेहरा मला बघवेना. "का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तोंडावर सांगते. तू निवडून येऊन ऑफिसात बसली असतीस. मग मला बोंबील साफ करून कोण देणार होतं?" आपांचा आवाज चढला. "आणि आता हरलीस तरी बसत नाहीस! परवा दुसरीकडून आणले. घरात कोणी हात लावला नाही."

ताई आपांकडे बघत राहिल्या. आपाही हटल्या नाहीत. मग ताईंनी पदर कमरेला खोचला.

"उद्या धाच्या आत ये," त्या म्हणाल्या. "नंतर मोठं बोंबील रहात नाय."