बोटीवरचा टंच

सहलीवरून लोक फ्रिजला चिकटवायची चित्रं आणतात, चॉकलेटं आणतात. मी किस्से आणते, तेही कुणी न मागता! सांगलीत माझं ट्रॅव्हल ऑफिस आहे. ग्रुप घेऊन हिंडायचं काम, त्यामुळं माणसं आपोआप पदरात पडतात. घरी आल्यावर बॅग तासाभरात रिकामी होते, पण डोकं महिना महिना होत नाही. आमच्या ह्यांनी तर जेवताना "आज एकच सांग" असा नियमच केलाय. तुम्हाला मात्र त्या महागड्या क्रूझचे सगळे सांगते. बसा निवांत.

* * *

बुकिंगला विट्याचे अण्णा आले होते. चाळीस वर्षं त्यांनी कोइमतूरला गलाईचं दुकान चालवलं, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. आता दुकान मुलाकडं आणि अण्णा गावी. सोबत बायको, हौसाक्का. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली, कधीही उठावं लागेल अशा बेतानं.

मी माझी नेहमीची टेप लावली. सात दिवस, बाल्कनीवाली खोली, हाताखाली माणसं, जेवण असं न् तसं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ह्यात घट किती?"

मला काही कळेना. "घट म्हणजे?"

"सोनं वितळलं की थोडं जातंय, ती घट. तुमी सांगितला त्यो झाला रेट. भट्टीत घातल्यावर हातात काय ऱ्हातंय, ते सांगा. पाण्याचं पैसं येगळं? वाय-फायचं? टिपचं?"

पंधरा वर्षं हा धंदा करतेय, इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता! मी गपगुमान कागद घेतला आणि सगळी घट लिहून दिली. अण्णांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

"आता करा बुक. दुकानात सात कारागीर हुते, समद्यांचं जेवानखान हिनंच केलंय. सात दिवस हिला हात हलवू द्यायचा न्हाई!"

हौसाक्का घाबरून म्हणाली, "आवं, मग मी तितं करू काय?"

* * *

ग्रुपमध्ये आणखी दोन नमुने होते. एक साताऱ्याकडचे सुभेदार, फौजेतून रिटायर झालेले. दुसऱ्या लेलेबाई, पाचगणीच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या.

पहिल्याच जेवणाला परातीएवढी पांढरीशुभ्र डिश आली. मधोमध चमचाभर हिरवं काहीतरी, वर एक पान, शेजारी चटणीचे तीन ठिपके. वेटर अदबीनं हात मागं बांधून उभा. सुभेदारांनी ते एका घासात संपवलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सँपल पास! माल कवा येतोय?"

लेलेबाईंनी वेटरला इंग्रजीत सांगितलं, की साहेबांना पदार्थ फार आवडला. तो बिचारा खूश होऊन एकामागोमाग सहा डिश घेऊन आला. सातव्या सँपलला सुभेदारांनी पट्टा सैल केला.

* * *

तिसऱ्या दिवशी मेन्यूमध्ये एक स्पेशल गोड पदार्थ होता, त्याचे पैसे वेगळे. का, तर त्यावर खायचा सोन्याचा वर्ख! आमच्या टेबलावर एक मागवला. अण्णांनी चमचा बाजूला ठेवला, चष्मा वर सरकवला आणि नखानं वर्खाचा तुकडा उचलून दोन बोटांत चोळला. शेफ लांबून बघत होता, तो जवळच आला.

"सोनं खरं हाय," अण्णा म्हणाले. शेफला मी सांगितलं, त्याची छाती फुगली.

"पर वजन न्हाई. ह्यात सोन्यापरास खालचा बदाम म्हाग हाय. बदामाचं पैसं घ्या म्हणावं, सोनं आमी सोडलं!"

हे मात्र मी भाषांतर केलं नाही.

* * *

आता मालनबद्दल सांगते. आमच्या खोल्या बघणारी बाई फिलिपिन्सची होती, चाळिशीची. नाव मर्लिन. हौसाक्कानं पहिल्याच दिवशी तिची मालन करून टाकली आणि तीही मालन म्हटलं की वळून बघायला लागली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण गप्पा म्हणाल तर भरपूर!

मालन रोज टॉवेलला घड्या घालून पलंगावर एकेक प्राणी ठेवायची. पहिला निघाला हत्ती. हौसाक्कानं त्याला लगेच कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी हंस, मग माकड. ते मोडायची हिची काही छाती होईना. शेवटी अण्णा माझ्याकडं तक्रार घेऊन आले.

"ताई, चार दीस झालं, म्या धोतरानं अंग पुसतोय. टॉवेल मागितला तर म्हंती, गणपती हाय, हात लावू नगा!"

मी हसून हसून मेले. मालनला सांगितलं, तर तिनं कुंकवाचा तो हत्ती तसाच राहू दिला आणि अण्णांना गुपचूप दोन साधे टॉवेल आणून दिले.

* * *

पण एक दिवस हीच मालन माझ्यासमोर तोंड बारीक करून उभी. म्हणाली, "मॅडम, माझं काही चुकलं का? त्या आजींच्या खोलीत मला कामच मिळत नाही."

मी जाऊन बघते तर काय! हौसाक्का पहाटे पाचला उठून पलंग आवरत होती, चादरीला सुरकुती नाही. बाथरूम घासून लख्ख. नशीब, झाडू मिळाला नव्हता.

"अक्का, अहो ह्यासाठी पैसे मोजलेत!"

"आगं, ती बाई येनार. तिला पसारा दावू व्हय? काय म्हनंल ती, कुठल्या घरच्या हाईत!"

अण्णा कपाळाला हात लावून बसलेले. "घट काढली, समदं काढलं," ते म्हणाले, "पर ही काय बसून खाईत न्हाई."

* * *

पाचव्या दिवशी फॉर्म आले. खोली, स्वच्छता, जेवण, वागणूक, प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायचे. सगळ्यांनी भरले, मी गोळा करून दिले. दुपारी मालन आली तीच रडत.

त्या बोटीवर दहा म्हणजे पास आणि दहाच्या खाली सगळं नापास. आमच्या ग्रुपमुळं तिच्या साहेबानं तिला बोलावून घेतलं होतं. शेवटच्या दिवशीच्या फॉर्मलाही असेच मार्क पडले, तर पुढचं काँट्रॅक्ट नाही. तिची मुलगी तिकडं नर्सिंगला होती.

मी तरातरा गेले आणि सगळ्यांना एकत्र बसवलं.

लेलेबाईंनी सात दिले होते. वर मलाच म्हणतात, "मी उभ्या आयुष्यात निबंधाला आठच्या वर दिलेले नाहीत. सात म्हणजे उत्तम!" पण मालनचं ऐकल्यावर बिचाऱ्या एकदम उठल्या. "अगंबाई! मग ग्रेस मार्क देते ना मी."

सुभेदारांनी आठ दिले होते. ते म्हणाले, "दहा द्यायची ऑर्डर हाय का? मग झालं!"

राहिले अण्णा. त्यांनी सगळ्याला नऊ दिले होते आणि ते हटायला तयार नव्हते.

"ताई, आमच्यात सोन्याचा टंच काढत्यात, म्हंजी शुद्ध किती ते. ब्याण्णव टंचाचं दागिनं तुमी अंगावर मिरवताय. नऊ म्हंजी त्येच की! ह्येच्याम्होरं काय पायजे? शंभर टंच सोनं म्या जलमात बघितलं न्हाई."

"अण्णा, तुमच्या एका आकड्यापायी तिची नोकरी जाईल!" माझा आवाज चढला. मी पडले फटकळ, चारचौघांत त्यांना बोलले.

ते चिडले नाहीत. उलट त्यांचाच आवाज खाली आला. "चाळीस वर्सं लोकांनी माझ्या हातात बायकांचं दागिनं बिनबोभाट दिलं, कशापायी? खोटा टंच कवा लिवला न्हाई म्हणून. आन् पलंग तर हीच आवरती. जो माल बघितलाच न्हाई, त्येचा टंच कसा लिवू?"

हौसाक्का सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजी माझ्यामुळं व्हय?"

* * *

शेवटच्या दिवशी सकाळी नऊला हौसाक्कानं मला खोलीत बोलावून घेतलं. पलंग आवरलेला नव्हता. चादर लोंबतेय, उशी खाली. हौसाक्का सोफ्यावर पदर मुठीत धरून बसली होती, एखाद्या परीक्षेला बसल्यासारखी. अण्णा बाल्कनीच्या दारात.

मालन आली. पलंग बघून ती क्षणभर थांबली, मग कामाला लागली. चादर झटकली, कोपरे दाबले, उशा थोपटल्या. हौसाक्का दोनदा अर्धी उठली, दोनदा मी तिला दंडाला धरून खाली बसवलं. सगळं झाल्यावर मालननं एक उशी आणली, खाली गुडघे टेकले आणि हौसाक्काचे पाय उचलून त्यावर ठेवले.

हौसाक्का म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं माझं हातरून दुसऱ्या कुनी घातलं न्हाई गं." आणि जी रडायला लागली! मालनला शब्द कळला नाही, तरी तीही रडली. मी तर काय, रुमाल आणायलाच विसरले होते.

अण्णा आत आले. चष्मा लावला, टेबलावरचा फॉर्म ओढला आणि चार ठिकाणी दहा लिहिले.

"अण्णा, शंभर टंच?" मी म्हटलं.

"बघितलं की आता."

मालनला काँट्रॅक्ट मिळालं बरं का, दोन महिन्यांनी तसा मेसेज आला मला. पण त्या दिवशी मालन डोळे पुसत बाहेर गेली, तरी अण्णा पेन हातात धरून तसेच बसलेले.

"ताई, आनि एक कोरा फॉर्म हाय का?"

"कुणासाठी?"

त्यांनी मानेनंच सोफ्याकडं दाखवलं. "हिनं चाळीस वर्सं आठ मानसांची हातरुनं काढली. तितं कुठं फॉर्म हुता?"

मी फॉर्म दिला. ते बराच वेळ त्यावर वाकून लिहीत होते, चारच आकडे, पण जपून. मग उठून त्यांनी तो हौसाक्काच्या मांडीवर ठेवला आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

हौसाक्काला इंग्रजी येत नाही, आकडे येतात. कुठली ओळ कशाची, ते तिनं मला बोट ठेवून विचारून घेतलं. खोली, दहा. स्वच्छता, दहा. जेवण, दहा. वागणूक, दहा. तिनं डोळे पुसले, टेबलावरचं पेन घेतलं, जेवणापुढचा दहा खोडला आणि तिथं नऊ केला.

"आवं," ती अण्णांना म्हणाली, "खोटं लिवू नगा. आमटी कवा कवा खारट व्हायची."