भिवातात्यांचा फळा, खोली एक्केचाळीस

भिवातात्या गेले, परवा त्यांचं पुण्यानुमोदन झालं. लोक उठून उठून बोलले. मिलमध्ये तीस वर्षं काढली, कोणाचं वाईट केलं नाय, दारूला कधी शिवले नाय. सगळं खरं. पण फळ्याचं कोणी बोललंच नाय. तर ते सांगायला पायजे.

भिवातात्या म्हणजे भिवा मर्चंडे, वरळीची बीडीडी चाळ, खोली नंबर एक्केचाळीस. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. शिक्षण चौथी, पण अक्षर असं की लांबून पण लागायचं. चाळीच्या जिन्याखाली एक काळा फळा होता. पैलं त्याच्यावर पाण्याची वेळ नी सभेची वेळ, एवढंच असायचं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तसा तो फळा म्हणजे चाळीचा पेपरच झाला. पैली पाळी सुटली की तात्या घरी डबा पण ठेवायचे नाय, तसेच फळ्यापाशी. मोर्चा कुठे, लाठी कुठे चालली, कोण आत गेला, कोण सुटला. ज्यांना वाचता यायचं ते बाकीच्यांना वाचून दाखवायचे.

छप्पन साली गोळीबार झाला तेव्हा मात्र तात्यांच्या हातून चूक झाली. एक जण धावत आला, बोलला आपल्या चाळीतल्या कमळाबाईचा नवरा गेला, मी पडलेला बघितला. तात्यांनी लिहिलं. कमळाबाईने तिथेच फळ्यासमोर बांगड्या फोडल्या. नी दिवे लागायच्या टायमाला तिचा नवरा चौकीतून सुटून चालत आला, तुटलेली चप्पल हातात घेऊन. चाळ हसली पण नी रडली पण. तात्या दोन दिवस खोलीच्या बाहेर आले नाय. शेवटी कमळाबाईच गेली नी त्यांना ओढत कासाराकडे घेऊन गेली.

"तू फोडायला लावल्यास, आता भरताना पण बघ."

दोन्ही हात भरून होईपर्यंत तात्या तिथे मान खाली घालून बसले.

तेव्हापासून त्यांनी नियम केला. बातमी लिहिली की खाली लिहायचं, कुठून कळलं. नी त्याच्याखाली खोली नंबर ४१. कोणाचं काय म्हणणं असेल त्याने यावं, दार उघडं आहे. नी माणूस गेल्याचं स्वतः खात्री केल्याशिवाय फळ्यावर चढवायचं नाय.

मग महाराष्ट्र झाला. त्याच्यानंतर दोन वर्षांनी चीनची लढाई लागली. काय सांगायचं, चाळ नुसती पेटली होती. जन्मात सुई हातात धरली नाय त्या बायका स्वेटर विणायला बसल्या. समोरच्या सुंदराबाईने कानातल्या कुड्या काढून देशाला दिल्या. तिचा एकुलता एक सीताराम फौजेत होता, तिकडे वर नेफात, आता अरुणाचल बोलतात तिकडे, बोमडिलाला. सुट्टीवर आला तेव्हा गावाचं नाव सांगून गेलेला. सुंदराबाईला वाचता येत नव्हतं. रोज फळ्यासमोर येऊन उभी राहायची नी बोलायची, "वाच रे भिवा."

नी बातम्या तर वाईटच येत होत्या. रेडिओवाले गोल गोल बोलायचे, पेपरात कुठेतरी कोपऱ्यात यायचं. तात्या ते मोठ्या अक्षरात लिहायचे. तवांग गेलं, कुठून कळलं, रेडिओ, खोली ४१. सुंदराबाई ऐकायची, मान हलवायची नी घरी जायची. तिची पाठ बघून तात्यांना त्या रात्री जेवण जायचं नाय. पण दुसऱ्या दिवशी परत लिहायचे.

एक दिवस सीतारामचं पत्र आलं, बरंच उशिराचं. थंडी फार आहे, बर्फात कॅनव्हासचे बूट आहेत, दोघांत एक घोंगडी आहे, आई तू काळजी करू नको. तात्यांनीच वाचून दाखवलं. मग तिला विचारलं, काकी, हे फळ्यावर लिहू का? ती बोलली, लिव. तर तात्यांनी लिहिलं, आपल्या पोरांच्या पायात बर्फात कॅनव्हासचे बूट का? हे सरकारला विचारायला पायजे. कुठून कळलं, सीतारामचं पत्र. खोली ४१.

झालं. दुसऱ्या दिवसापासून तात्यांचं नाव पडलं चिनी भिवा. मिलमध्ये बाजूच्या साच्यावरचा माणूस बोलायचा बंद झाला. लाल बावटेवाल्या कम्युनिस्टांची तेव्हा धरपकड चाललेली. तात्या काही त्यांच्यात नव्हते, पण कोण ऐकतो. चाळ कमिटीचा सेक्रेटरी होता चिंतामणी. माणूस वाईट नव्हता. तो समजवायला आला, अरे लढाई चालू आहे, आता हे प्रश्न कशाला, लोकांचा धीर सुटतो. तात्या एवढंच बोलले की खोट्यावर धरलेला धीर टिकायचा किती दिवस?

मग पोलीस आले. दोन हवालदार दोन दिवस चाळीत विचारत फिरत होते, फळा लिहितो कोण. खाली नंबर लिहिलेला होता की, पण असं लिहिणारा स्वतःचा पत्ता देईल हे त्यांच्या डोक्यातच येईना. त्यांना वाटलं एक्केचाळीस म्हणजे त्या लोकांची काहीतरी खूण असणार. शेवटी तिसऱ्या दिवशी तात्यांनीच वरून हाक मारली, "अहो, एक्केचाळीस इकडे. चहा घ्या." हवालदारांनी चहा घेतला नी तात्यांना पण घेतलं.

सुंदराबाईने ते पत्र पदराला बांधलं नी चौकीत जाऊन बसली. साहेबाला बोलली, पत्र माझ्या पोराचं, बूट माझ्या पोराचे, तर मग मला आत घाल. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबाने ताकीद देऊन तात्यांना सोडलं. परत असं लिहिलंस तर लढाई संपेपर्यंत आत राहशील.

दोघं चाळीत आले तर फळ्यावर कमिटीचं अक्षर. लोक गोळा झालेले, सगळे खुश. सुंदराबाई पण खुश झाली. बोलली, कायतरी चांगलं लिवलंय वाटतं, वाच रे भिवा.

तात्यांनी चौकीतल्या रेडिओवर सकाळीच ऐकलेलं की बोमडिला पडलं. साहेबाची ताकीद अजून कानात होती. म्हातारीचं तोंड कितीतरी दिवसांनी फुललेलं. गप्प बसले असते तर कोणी काय विचारलं नसतं. त्यांनी होतं तसं वाचलं, "आपले जवान पुढे सरकत आहेत. विजय जवळ आहे."

"कुठून कळलं?" सुंदराबाईने विचारलं.

"ते लिहिलं नाय."

"नंबर?"

"नंबर पण नाय, काकी."

सुंदराबाईने फळ्याकडे बोट केलं.

"मंग पूस ते."

चिंतामणी बाजूलाच उभा होता. तो बाजूला सरकला. तात्यांनी सदऱ्याच्या बाहीने फळा पुसला नी लिहिलं. बोमडिला पडलं. आपली फौज मागे आली. आपल्या पोरांचं अजून काही कळलेलं नाय. कुठून कळलं, पोलीस चौकीचा रेडिओ. खोली ४१. मग तिला वाचून दाखवलं. ती तिथेच जिन्यावर बसली.

दोन दिवसांनी चीननेच लढाई थांबवली. पण सीतारामचं पत्र नाय. महिना गेला, दोन गेले. तिकडचे कोणी वाचलेच नाय असं लोक बोलायला लागले. बायका सांत्वनाला यायला लागल्या, नातेवाईक बोलले विधी करून टाक, किती दिवस वाट बघशील. सुंदराबाईने सगळ्यांना एकच सांगितलं.

"तवांग गेलं, भिवाने लिवलं. बोमडिला गेलं, लिवलं, ते पण पोलिसाला न भिता. माझा सीताराम गेला असता तर ते पण लिवलं असतं. त्याने लिवलं नाय."

हे ऐकल्यावर चिनी भिवा बोलणारे पण गप्प झाले. चिंतामणी तर पाण्याची वेळ लिहायचा त्याच्याखाली पण स्वतःचा खोली नंबर टाकायला लागला. पण तात्यांचं काय झालं असेल ते बघा. म्हातारी त्यांच्या खडूवर जीव टांगून बसलेली. पाळी सुटली की फौजेच्या ऑफिसला पत्र लिहायचे, उत्तर नाय आलं की परत लिहायचे. शेवटी एक कार्ड आलं, बेपत्ता. तात्यांनी फळ्यावर तेवढंच लिहिलं, बेपत्ता, नी कार्ड बाजूला टाचून ठेवलं.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात चीनने आपले कैदी सोडले. नी एक दिवस दुपारची पाळी भरायच्या टायमाला सीताराम चाळीत आला, लंगडत, काठीवर. उजव्या पायाची दोन बोटं बर्फाने नेलेली. आईने मिठी मारली, सगळी चाळ जिन्यात जमली. तात्या मात्र त्यांच्याकडे गेलेच नाय. ते सरळ फळ्यापाशी गेले. सीताराम आला, असं लिहिलं. कुठून कळलं, डोळ्यांनी. खोली ४१.

"वाच रे भिवा," सुंदराबाई बोलली.

तात्यांना वाचता येईना. मग सीतारामनेच आईला वाचून दाखवलं, नंबरासकट.